चौगुलेमामा आणि सुभान्याचं वावडं

चौगुलेमामा कुत्र्याचा कान हुंगायचे. लांबून नाक नेऊन नव्हे, कान चांगला उलटा करून, डोळे मिटून, आपण लोणच्याची बरणी उघडून हुंगतो तसे. गुरांच्या सरकारी दवाखान्यात मी क्लार्क-टायपिस्ट म्हणून रुजू झाले त्या दिवशी सकाळी साडेदहाला मी हे पाहिलं आणि खुर्ची दोन हात मागे सरकवली. कान सोडून मामा मालकाला म्हणाले, "कानात घाण झालीया, पर रोग कानात न्हाय. ह्ये पाय चाटतंय का, ते सांगा." मालक म्हणाला, चाटतंय की, दिवसभर चाटतंय. मामांनी पंजा उचलून मलाही दाखवला. बोटांच्या मधले पांढरे केस चाटून चाटून विटकरी झाले होते. मी मान फिरवली.

मी कुत्र्यांची माणूस नाही. तेव्हा नव्हते, आजही नाही. कुत्र्यांवर प्रेम करणाऱ्या माणसांनी कुत्र्यांविषयी जे लिहायचं ते लिहावं. मला लिहायचंय ते एका माणसाबद्दल, आणि त्याच्याबद्दल लिहायचं तर कुत्री टाळता येत नाहीत.

आमचा दवाखाना कोल्हापुरात कसबा बावड्याच्या वाटेला होता. सत्तरच्या दशकातली वर्षं. कौलारू इमारत, पुढे जनावरं बांधायचे लाकडी खोडे, मागे दोन रिकाम्या खोल्या आणि बाभळी. मामांचा हुद्दा ड्रेसरचा. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, सुया उकळायच्या, डॉक्टर तपासत असताना जनावर धरून ठेवायचं, एवढं त्यांचं काम. रोग ओळखायचा तो डॉक्टरांनी. ही वाटणी सगळ्या दवाखान्याला मान्य होती, फक्त चौगुलेमामांना नव्हती. शिक्षण सातवीपर्यंत. पण संस्थान होतं त्या काळात शिकारी कुत्री सांभाळण्याच्या कामावर ते पोरवयात लागले होते, आणि कुत्र्याचं कातडं तिथंच वाचायला शिकले, असं ते सांगत. त्यापलीकडे स्वतःबद्दल काही सांगत नसत. विचारलं तर म्हणत, "माझं काय विचारताय, मला खाज न्हाय."

माझ्या टेबलावरचे वाया गेलेले सायक्लोस्टाइलचे कागद ते पळवायचे. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं कुत्रं काढायचे. चित्र असं, की बघणाऱ्याला बकरी वाटावी. मग मालकाला समोर बसवून विचारायचे, खाज पहिल्यांदा कुठं सुरू झाली? मालक हमखास म्हणायचा, सगळीकडेच खाजवतंय. त्यावर मामांचं ठरलेलं वाक्य होतं, "आज कुठं खाजवतंय ते कुत्रंच सांगतंय की. सुरवात कुठनं झाली ते तुमी सांगा." मालक डोकं खाजवून आठवायचा आणि मामा त्या जागी तांबड्या पेन्सिलीनं फुली मारायचे. कानाच्या कडा आणि कोपरं असली तर कातड्यातला किडा, म्हणजे लूत. शेपटीच्या मुळाशी असली तर पिसवा. पंजे, काखा, पोट आणि कानाच्या आत असली तर कुत्र्याला कशाचं तरी वावडं. डॉक्टर त्याला ॲलर्जी म्हणत. मामांना तो शब्द माहीत होता, पण ते वापरत नसत. आमच्या आईला वांग्याचं वावडं होतं, त्यामुळं मला त्यांचा शब्द लगेच कळला.

एकदा साखर कारखान्यातल्या एका अधिकाऱ्यांच्या पत्नी आपला अल्सेशियन घेऊन आल्या. कंबरेपासून शेपटीपर्यंत कुत्रं सोलून निघालं होतं. मामा म्हणाले, पिसवा. बाई संतापल्या. आमच्या घरात फरशी दोनदा पुसतात, आमच्याकडे पिसवा कुठल्या. मामा माझ्याकडे आले, न विचारता माझा टिपकागद उचलला, नळाखाली ओला केला आणि त्या कुत्र्याची पाठ बारीक फणीनं त्यावर विंचरली. काळे बारीक कण पडले. बाई म्हणाल्या, ही माती आहे. मामांनी कागद त्यांच्यासमोर धरला. दोन मिनिटांत प्रत्येक कणाभोवती तांबूस डाग पसरला. "ह्ये तुमच्या कुत्र्याचं रगात हाय बाईसाहेब. पिसवांनी पिऊन हागलेलं." त्यांच्या तोंडावर असं बोलणारा माणूस त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटला असावा. त्यांनी आमच्या साहेबांकडे, म्हणजे डॉक्टरांकडे, तक्रार केली. साहेबांनी मामांना झापलं. मामा झापून घेत उभे राहिले आणि बाहेर येऊन बाईंना पुन्हा म्हणाले की कुत्र्याचं अंथरूण उकळत्या पाण्यात घाला, गालिचा उन्हात टाका, एका कुत्र्याला शंभर पिसवा चावल्या तरी ते ढिम्म असतं आणि दुसऱ्याला एक चावली तरी महिनाभर खाजवतं, हे तुमचं दुसऱ्यातलं. बाई परत आल्या नाहीत. कुत्रं मात्र पुढे मी रस्त्यात पाहिलं, पाठीवर केस आले होते. म्हणजे गालिचा उन्हात पडला होता.

त्याच सुमारास काँग्रेस गवत सगळीकडे माजलं. पोटाला आणि हनुवटीला पुरळ आलेली कुत्री यायला लागली. मामा ज्याच्या त्याच्या परड्यात जाऊन ते गवत हातानं उपटत. त्यांच्या स्वतःच्या मनगटांवर पुरळ उठलं, पाणी सुटलं. मी म्हटलं, अहो मामा, फडकं तरी गुंडाळा. तर म्हणाले, बरं झालं की, आता कुत्र्याला काय हुतंय ते मला कळालं. असल्या माणसाला काय बोलायचं? मी माझं टायपिंग करत बसले.

आता सुभान्याचं सांगते.

हौसाबाई पाटील ही बावड्यातली एकटी विधवा बाई. तीन म्हशी होत्या. म्हैस थेट रस्त्यावरच्या कट्ट्यावर आणायची आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून पेला हातात द्यायचा, ही आमच्या गावची जुनी रीत. हौसाबाई रोज तेच करायची आणि तिच्या म्हशींमागून सुभान्या चालायचा. तांबडा, गावठी, डाव्या कानाला चीर. आचळाची पहिली धार ती लांबून सुभान्याच्या तोंडात मारायची, मग गिऱ्हाइकांची. लोक ते बघायला थांबायचे.

दोन वर्षं सुभान्या खाजवत होता. लोक सांगतील ते हौसाबाईनं केलं. गंधक आणि करंजेल लावलं. तंबाखूचं पाणी लावलं. शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून ट्रकच्या गॅरेजातलं जळकं ऑइल चोपडलं. आमच्याकडे आणला तेव्हा पोटावर एक केस नव्हता, काखेतलं कातडं काळं आणि जाड झालं होतं, वास असा, की खोड्यातली म्हैससुद्धा बाजूला सरकली. आणि हौसाबाई त्याला आपणहून घेऊन आली नव्हती. गल्लीतल्या लोकांनी सह्यांचा अर्ज दिला होता. कुत्र्याला लूत झाली आहे, ती म्हशींना लागेल, म्हशींची दुधाला लागेल, तरी कुत्र्याला मारून टाकावं. गिऱ्हाइकं तुटायला लागली होती. गल्लीतले एक पुढारी स्वतः बरोबर आले होते.

साहेबांनी खुर्चीतूनच पाहिलं आणि म्हणाले, लूतच आहे. साहेब वाईट नव्हते. तीन तालुक्यांचं काम त्यांच्या डोक्यावर होतं आणि पुढारी समोर बसले होते. त्यांनी शुक्रवारी सुई देऊन कुत्र्याला संपवायचं, असा लेखी हुकूम मला टाइप करायला सांगितला. मी टाइप केला. ते माझं कामच होतं.

मामांनी सुभान्याला मागच्या खोलीत नेलं, ऑइल धुतलं आणि परत येऊन माझ्याकडे कपाटाची किल्ली मागितली. दवाखान्यात एक सूक्ष्मदर्शक होता. फुटला तर जबाबदारी कुणाची, या भीतीनं तो कायम कुलपात असायचा. डेडस्टॉक रजिस्टरात त्याची नोंद स्वच्छ अक्षरात होती आणि त्यातून कुणी काही पाहिल्याचं मला तरी आठवत नाही. मी किल्ली दिली. का दिली, मला ठाऊक नाही. त्यांनी पात्यानं पाच ठिकाणचं कातडं जरासं रक्त दिसेपर्यंत खरवडलं, तेलाच्या थेंबात काचेवर घेतलं आणि दुपारभर एक डोळा मिटून बसले. एक किडा सापडला नाही. साहेबांना जाऊन सांगितलं. वर हेही सांगितलं, की हौसाबाई गोठ्यात ह्याच कुत्र्याला उशाशी घेऊन झोपते, लूत असती तर आधी तिला खाज सुटली असती, मग म्हशींना.

साहेब म्हणाले, किडा न सापडणं म्हणजे किडा नसणं नव्हे. आणि हे त्यांचं बरोबर होतं. मामांनीही ते मान्य केलं. "खरं हाय साहेब. म्हनून दोन म्हैनं द्या. मी त्येला मागच्या खोलीत एकटा ठेवतो. कुनाला खाज सुटली तर मीच त्येला तुमच्या म्होरं आनून उभा करतो."

साहेब म्हणाले, हुकूम निघालाय.

शुक्रवारी सुभान्याला टेबलावर घेतलं. पुढारी दाराशी, हौसाबाई बाहेर पायरीवर पदर तोंडात धरून. साहेबांनी मामांना सुई भरायला सांगितलं. मामांनी सुई उकळून ठेवली होती. ती हातात घेतली, बघितली आणि ट्रेमध्ये परत ठेवली.

"ह्ये माझ्या हातनं व्हनार न्हाय."

साहेब म्हणाले, चौगुले, हा हुकूम आहे. मग तुम्ही धरा, सुई मी देतो. मामा म्हणाले, धरणार पण नाही. साहेबांनी शिपायाकडे पाहिलं, तर शिपाई एकाएकी अंगणात झाडू मारायला गेला. पुढारी कडाडले, एका खरजुल्या कुत्र्यापायी सरकारी माणूस उलटं बोलतो म्हणजे काय? मामा त्यांच्याकडे वळले. आवाज चढवला नाही. कोल्हापूरचा माणूस आवाज न चढवता बोलला, की ऐकणाऱ्यानं सांभाळून असावं.

"पावणं, त्येला कशाचं वावडं हाय ते तुमाला ठावं न्हाय, मला बी ठावं न्हाय. ठावं न्हाय म्हनून मारायचं व्हय?"

साहेबांनी ट्रे बाजूला सरकवला. मग त्यांनी दोन गोष्टी केल्या. सुभान्याला दोन महिन्यांची मुदत दिली आणि मामांना हुकूम मोडल्याबद्दल लेखी ठपका दिला. तोही मीच टाइप केला.

त्यानंतर मागच्या खोलीत जे सुरू झालं त्याचा त्रास सगळ्या दवाखान्यानं भोगला. मामांचं म्हणणं, वावडं शोधायचं तर ह्या कुत्र्यानं जन्मात जे खाल्लं नाही तेवढंच आता खायला घालायचं. हौसाबाईचं घर माळकरी. सुभान्या जन्मभर दूध-भाकरी, ताक-भात आणि आमटीवर वाढलेला. म्हणजे उरलं काय, तर मटण. ओळखीचा मटणवाला रोज फुफ्फुस, वजडी असलं काहीबाही आणून द्यायचा आणि मामा ते रताळ्याबरोबर शिजवायचे. मीठ नाही, तिखट नाही, हळदसुद्धा नाही. कोल्हापुरात बिनमसाल्याचं मटण शिजवणारा तो एकटाच माणूस असेल, आणि त्याचा वास माझ्या टेबलापर्यंत यायचा. माळकऱ्याचं कुत्रं बाटवलं म्हणून गल्लीत बोंब झाली. हौसाबाईनं तोंडाला पदर लावला, पण हरकत घेतली नाही. जगलं तर बास, माळ मी घातलीय, त्यानं नव्हं, एवढंच म्हणाली.

बाकी उपचार म्हणजे गार पाण्याची अंघोळ, साबणाविना. बाहेरून आला की चारी पंजे धुवून बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे पुसायचे. जुन्या बनियनचे मोजे. चाटू नये म्हणून गळ्यात बूड कापलेली बादली. ती बादली घालून सुभान्या दारांना धडकत फिरायचा आणि मी टायपिंगमध्ये चुकायचे. चौथ्या आठवड्यात पोटावर लव आली. सहाव्या आठवड्यात तो सबंध दुपार न खाजवता झोपला. मामांनी मला उठवून ते बघायला नेलं. झोपलेलं कुत्रं बघायला मी ऑफिसच्या वेळात उठून गेले, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि सातव्या आठवड्यात तो पुन्हा खाजवायला लागला. कान आतून लालभडक, पंजे चावून ओले. दोन दिवसांत पोटावर पुरळ फुटलं. पुढाऱ्यांपर्यंत बातमी कशी गेली देव जाणे, ते आले. साहेब खोलीत येऊन बघून गेले आणि हळूच म्हणाले, "चौगुले, आता मात्र संपलं हां." त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, हे आवाजावरून कळलं.

मामा जमिनीवर बसून होते. एकेकाला विचारत होते, काय घातलं त्याला? शिपायाला विचारलं. मटणवाल्याला विचारलं. नाही, कुणी काही घातलं नव्हतं. मग मला विचारलं. मी चिडले. मी कशाला त्याला काही घालीन? म्हटलं, इथं सोमवारपासून बाहेरून आलेलं खाणं म्हणजे हौसाबाईचा खरवस, तो आम्ही खाल्ला, कुत्र्याला कोण देतंय.

मामांनी वर पाहिलं. "कसला खरवस?"

तेव्हा मला उमगलं. हौसाबाईची म्हैस व्याली होती. व्यालेल्या म्हशीच्या चिकाचा खरवस घरोघर वाटायचा, ही रीतच. तिनं साहेबांना दिला, मला दिला, शिपायाला दिला. मामांना तेवढा दिला नव्हता. त्यांच्या नजरेला नजर द्यायला नको म्हणून.

हौसाबाईला बोलावलं. ती रडली नाही, उलट भांडायलाच उभी राहिली. म्हशीच्या राखणदाराचा वाटा पहिला. तो दिल्याबिगर गल्लीत वाटी फिरवली तर म्हैस आटते. तिच्या सासूनं तसंच केलं, सासूच्या सासूनं तसंच केलं. ती मागच्या कुंपणातून आली होती आणि वाटीभर खरवस सुभान्याला चारून गेली होती. "आनि दुधानं कधी कुनाचं वंगाळ झालंय व्हय, मामा?"

मला वाटलं, मामा आता फुटणार. सात आठवडे गेले होते. पण ते हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, तसेच उठून साहेबांकडे गेले आणि टेबलावर दोन्ही हात टेकून उभे राहिले.

"साहेब, बंद केलं तवा थांबलं. दिलं तवा सुटलं. मुद्दाम देऊन बघायची छाती माझी न्हवती, म्हातारीनं दिऊन दावलं. आता पुन्ना बंद करतो. तुमी रोज येऊन बघा."

साहेबांनी मुदत वाढवली आणि ते रोज आले. पंधरा-वीस दिवसांत कान फिके पडले, पंजे सुकले. मटणानंतर मामांनी एकेक पदार्थ आठवडाभराच्या अंतरानं परत सुरू केला. भाकरी सोसली, भात सोसला, आमटीही सोसली. फक्त दूध आणि दुधाचं जे जे काही, ते नाही. साहेबांनी अर्जावर स्वतःच्या हातानं लिहिलं की हा संसर्गजन्य रोग नाही, आणि सुभान्या म्हशींमागून परत कट्ट्यावर चालू लागला.

पण ज्या गावात दूध म्हणजे अमृत, तिथं दुधानं खाज सुटते हे कोण ऐकून घेणार? कट्ट्यावर मामांची टिंगल सुरू झाली. दूधवैरी आला, म्हणायचे. उद्या म्हशीलाच म्हशीचं वावडं सांगंल, म्हणायचे. मामा मुद्दाम तिथंच जाऊन पेलाभर दूध पीत उभे राहायचे आणि उत्तर द्यायचे, "साऱ्या कोल्हापूरला पचतंय. एकाला पचत न्हाय. मग त्या एकानं मरायचं काय?" हौसाबाईनं पहिल्या धारेची रीत सोडली नाही. धार मारायची, पण जमिनीवर. सुभान्या तेवढा वेळ पाठ फिरवून बसायचा, असं ती सांगे. त्यावर मी विश्वास ठेवत नाही.

कुणी विचारलं, सुभान्या बरा झाला का, तर मामा चिडत. "बरा न्हाय झाला. ही खाज जात नसती. सांबाळायची असती, मरंपतूर." मधूनच कुणी पाहुणा त्याला पेढा घालायचा आणि पुन्हा आठ दिवस बादली, मोजे, गार पाणी. मामा न कुरकुरता ते सगळं पुन्हा करायचे.

मामा निवृत्त झाले तेव्हा सुभान्याला जाऊन वर्ष झालं होतं. म्हातारा होऊन, झोपेत गेला. दवाखान्यात तोपर्यंत नवे साहेब आले होते, तरुण, भले. सेवापुस्तक चाळताना त्यांना तो ठपका दिसला. त्यांनी मामांना बसायला सांगितलं आणि म्हणाले, इतक्या वर्षांच्या चांगल्या नोकरीत हा एकच डाग आहे, तुम्ही खेद व्यक्त केल्याच्या दोन ओळी द्या, मी वर पाठवून तो रद्द करून घेतो. मामा माझ्या टेबलाशी आले. मी यंत्रात कागद घातला आणि सवयीनं खाली कार्बन लावला.

"ल्ह्या बाई. मला दिलेला हुकूम मी मोडला. कुत्रं मारलं न्हाय. त्येचा मला खेद न्हाय."

मी थांबले. म्हटलं, मामा, आज शेवटचा दिवस आहे, 'दिलगीर आहे' एवढा एक शब्द घालते, बाकी तुमचंच राहू दे.

"दिलगीर कशापायी? ते जगलं म्हनून?"

मी त्यांनी सांगितलं तसंच टाइप केलं. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, चौगुले, असं दिलंत तर ठपका कधीच निघणार नाही. मामा म्हणाले, निघू नये म्हणूनच दिलंय. मग दोन्ही प्रतींवर सही केली. मोठी, वाकडी, एकेक अक्षर कोरून. वरची प्रत साहेबांना दिली आणि कार्बनची माझ्यापुढे ठेवली.

"माझ्या जागी कोन तरी येनार की. त्येला कवा असला हुकूम आला, तर ह्ये काडून दावा त्येला."

निरोपाचा हार गळ्यात तसाच ठेवून ते सायकल हातात धरून फाटकातून बाहेर पडले. बसले नाहीत, बावड्याच्या रस्त्यानं चालतच गेले. वळणापर्यंत मला हार दिसत होता. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

मी पुढेही बरीच वर्षं त्या टेबलावर होते. तेवढ्या काळात तो कागद मी दोनदा ड्रॉवरमधून काढला. पहिल्या ड्रेसरनं वाचला, घडी करून परत दिला आणि सुई भरली. दुसरा नवखा पोरगा होता. त्यानं दोनदा वाचला, खालची सही बघितली, हे चौगुले कोण म्हणून विचारलं. मी म्हटलं, तुझ्या आधी तुझ्या जागेवर होते. त्यानं सुई ट्रेमध्ये परत ठेवली.